ह्यांच्या लिव्हरमधले बुडबुडे

आमच्या ह्यांना लिव्हरचा कॅन्सर झाल्याचं विट्यात कळलं, तेव्हा लोकांनी मला जे पहिलं विचारलं ते "बरे होतील ना?" असं नव्हतं. "किती वर्षं घेत होते?" असं होतं. शेजारच्या काकूंनी तेही विचारलं नाही. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू लय सोसलंस गं बाई." मी विचारलं, "काय सोसलं?" त्यावर त्यांनी डोळे मिटून नुसती मान हलवली. म्हणजे मी किती सोसलं हे मला माहीत नसलं तरी त्यांना माहीत होतं.

ह्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आमचं दक्षिणेत मदुराईला गलाईचं दुकान होतं. आमच्या भागातली निम्मी माणसं तोच धंदा करतात. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाब घालून त्यातलं तांबं-चांदी वेगळं करायचं आणि शुद्ध सोनं ज्याचं त्याला परत द्यायचं. भट्टीपाशी हात हलला तर दुसऱ्याचं सोनं फरशीवर सांडतं, म्हणून हे दुकान उघडं असेपर्यंत चहासुद्धा घ्यायचे नाहीत. धाकट्या भावाच्या लग्नात कुणीतरी सरबताचा पेला हातात दिला, तर आधी वास घेतला आणि मग प्याले. सरबत देणारा नवरीचा मामा होता. तो अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

पुढं मुलानं दुकान हातात घेतलं आणि आम्ही विट्याला परत आलो. ह्यांना साखरेचा त्रास आधीपासून होता. मग पाय सुजायला लागले. संध्याकाळी मोज्याचा वण पायावर राहायचा. हे म्हणायचे, मोजे घट्ट हायत. मी मोठे मोजे आणले. वण तसाच. मग मोजे बंद केले, तर चपलेच्या पट्ट्याचा वण दिसायला लागला. तेव्हा विट्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली आणि रक्त तपासायला पाठवलं. लिव्हर आक्रसून खडबडीत झालंय, त्यात एका जागी ठिपका दिसतोय आणि रक्तात बी जातीच्या काविळीचा विषाणू आहे, असं निघालं.

डॉक्टरांनी विचारलं, "कावीळ कधी झाली होती?"

"कवाच न्हाई," हे म्हणाले.

"दारू?"

"न्हाई."

"थोडीफार? कधीतरी?"

"आवं डाक्टर, न्हाई म्हनलं की."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. नवरा खोटं बोलत असला की बायकोच्या तोंडावर कळतं, असा त्यांचा अनुभव असणार. मीही सरळ त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी सांगितलं की हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात गप राहतो, माणसाला पत्ता लागू देत नाही आणि आतल्या आत लिव्हर खराब करत राहतो. कुठून आला हे आता सांगता येणार नाही. जन्माच्या वेळी आईकडून आला असेल, पूर्वी एकच सुई उकळून सगळ्यांना टोचायचे त्यातून आला असेल, न्हाव्याच्या वस्तऱ्यातून आला असेल.

बाहेर आल्यावर मी ह्यांना एकदाच विचारलं. "मी मदुराईला यायच्या आदी तुमी तिथं एकटं होता. तवा कधी..."

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, संध्याकाळ झाली, तरी बोलले नाहीत. झोपायच्या आधी म्हणाले, "तू सुद्दा?" मी म्हटलं, "विचारलं म्हंजे मानलं असं न्हाई." त्यावर ते कुशीवर वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा चहा केला. तो इतका गोड होता की त्यांनाच द्यावा लागला असता, पण त्यांना साखर चालत नव्हती. मी सगळा प्याले.

विट्याच्या डॉक्टरांनी मिरजेला लिव्हरच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. आमच्याकडं एखादं दुखणं विट्यात आटोपलं नाही तर सांगली आणि सांगलीत आटोपलं नाही तर मिरज. आम्ही सांगली गाळली, त्यामुळं भाऊबंदांत आधीच कुजबूज सुरू झाली. सोबत माझे धाकटे दीर आले. ते सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना मी भावजी म्हणते. जीप तेच चालवायचे आणि वाटेत प्रत्येक गतिरोधकावर तो बांधणाऱ्याबद्दल काहीतरी बोलायचे.

लिव्हरच्या डॉक्टरांनी सगळं बघून सांगितलं की हा ठिपका कॅन्सरचा आहे का, ते ठरवायला हवं. आक्रसलेल्या लिव्हरमध्ये साध्या गाठीही खूप होतात. एरवी शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन करतात, पण ह्यांच्या किडन्या साखरेनं दमलेल्या होत्या आणि ते औषध किडनीतून जातं. सुई घालून तुकडा काढावा, तर रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या, आत रक्तस्राव होण्याची भीती. म्हणून आधी एमआरआय करून बघू, असं ठरलं.

एमआरआयच्या बोगद्यात जाताना ह्यांच्या हातात एक रबरी फुगा दिला होता. काही वाटलं तर दाबा, म्हणाले. हे आत गेले आणि लगेच फुगा दाबला. त्यांना बाहेर काढलं. काय झालं, विचारलं. "काय न्हाई, चालतंय का बगत हुतो," हे म्हणाले. परत आत घातलं. दुसऱ्यांदाही तो चालला. तिसऱ्यांदा घालायला गेले तर हे आधीच उठून चपला शोधत होते.

मग लिव्हरच्या डॉक्टरांनी आम्हाला सोनोग्राफी करणाऱ्या बाईंकडं पाठवलं. चाळिशीच्या असतील. बोलणं कमी. त्यांनी ह्यांना टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं, उजवा हात डोक्यावर घ्यायला सांगितलं आणि काय करणार ते समजावलं.

"हाताच्या शिरेत एक इंजेक्शन देणार आहे. दुधासारखं पांढरं दिसतं. त्यात वायूचे अगदी बारीक बुडबुडे असतात. रक्तातल्या तांबड्या पेशींहून लहान. ते रक्ताबरोबर सगळीकडं जातात आणि सोनोग्राफीत चमकतात. गाठीत रक्त कसं येतं, कसं जातं, ते त्यावरून कळतं. नंतर ते फुटतात आणि वायू श्वासातून बाहेर पडतो. किडनीला त्याचा काही ताप नाही."

भावजी भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "म्याडम, शिरंत हवा गेली तर मानूस मरतो की."

"मोठी हवा गेली तर. हे फार लहान असतात."

"ब्रेकच्या पायपात एवढीशी हवा शिरली तरी गाडी थांबत न्हाई."

हे टेबलावरून म्हणाले, "तू भायेर जा रं."

भावजी बाहेर गेले नाहीत. पण बोलायचे थांबले. बाईंनी कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, हृदयाचा काही त्रास आहे का, ते विचारून घेतलं. मग त्यांच्या मदतनीस मुलीनं हाताला सुई लावली, पांढरं औषध आत सोडलं आणि त्यामागून मिठाचं पाणी सोडलं. पडद्याचे दोन भाग होते. एका बाजूला नेहमीची सोनोग्राफी, म्हणजे आपल्याला काही न कळणारं करडं काहीतरी. दुसरी बाजू जवळजवळ काळी.

आधी काहीच झालं नाही. मग काळ्या बाजूला एक बारीक रेघ उजळली, तिला फाटे फुटले आणि त्यांच्या मधोमध एक गोल जागा भरभरून चमकली. आजूबाजूचं लिव्हर अजून अंधारातच होतं. मला ते छान दिसलं. दिवाळीत शेताच्या कडेला एकच घर उजळलेलं दिसावं तसं. हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

ह्यांनी मान वळवून पडद्याकडं बघितलं. "चमकतंय की! चांगलं हाय न्हवं?"

"बोलू नका. श्वास सावकाश घ्या."

मग बाकीचं लिव्हर हळूहळू उजळत आलं. सगळं एकसारखं झालं, तो गोल दिसेनासा झाला. मला वाटलं, संपलं, निघायचं. पण बाई हात न हलवता बघत राहिल्या. मधेमधे पडदा गोठवायच्या आणि परत चालू करायच्या. बऱ्याच वेळानं, बाकी लिव्हर अजून उजळलेलं असताना, तीच जागा थोडी काळवंडायला लागली. मग आणखी थोडी. बाईंनी मान खाली करून काहीतरी टाइप केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण त्यांनी हातातलं यंत्र ज्या तऱ्हेनं जपून खाली ठेवलं, त्यावरून मी समजले.

ह्यांना उठवून बसवलं. इंजेक्शननंतर थोडा वेळ तिथंच बसावं लागतं, कुणाला त्रास होतो का ते बघायला. हे बसले आणि म्हणाले, "सांगा आता."

बाई म्हणाल्या, "पक्कं काय ते तुमचे डॉक्टर सांगतील."

"तुमी बगितलंय तर तुमीच सांगा."

त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "लिव्हरला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं. ते उशिरा पोचतं. अशी गाठ मात्र धमनीतून रक्त ओढते, म्हणून ती आधी चमकते. आणि बाकीच्यांच्या आधी विझायला लागते. तुमच्या गाठीनं तेच केलं."

"म्हंजे आदी चमकलं ते वाईट."

"इथं, हो."

हे म्हणाले, "सोन्यात असं नसतंय."

"हे सोनं नाही," बाई म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांनी लिव्हरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर आहे. एकच गाठ आहे, लहान आहे, छातीत किंवा आणखी कुठं काही दिसत नाही. लिव्हर आधीच खराब आणि ठिपका बुडबुड्यांत असा वागला, म्हणजे तुकडा काढून तपासायची गरज नाही. सुईनं आतल्या आत उष्णता देऊन ती जाळता येईल. विषाणूसाठी रोजची गोळी कायम घ्यायची. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि ते इतकं घट्ट झालं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

हे म्हणाले, "डाक्टर, एक सांगा. ह्ये दारूनं झालेलं न्हाई न्हवं?"

"नाही. विषाणूनं झालंय."

ह्यांनी खिशातून मोबाइल काढला. "मग मी एक फोन लावतो. तेवढं आमच्या शेजारनीला सांगा."

डॉक्टर म्हणाले की पेशंटबद्दल शेजाऱ्यांशी ते बोलत नाहीत. ह्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला. कॅन्सर झाल्याचं ऐकून त्यांचा चेहरा बदलला नव्हता, पण आता बदलला.

हे काम मग भावजींनी अंगावर घेतलं. विट्यात जो भेटेल त्याला ते सांगायला लागले, "दादानं थेंब बी घेतला न्हाई." भावजी स्वतः रोज संध्याकाळी कँटीनची रम घेतात हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यामुळं लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि एकमेकांकडं बघायचे. आठवडाभरात परिस्थिती आधीपेक्षा वाईट झाली.

लिव्हरच्या डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. घरातल्या सगळ्यांनी, मी, मुलगा, सून, भाऊ, सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. माझं काही निघालं नाही. मुलाचं आणि सुनेचं निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, आता लगेच लस घ्या. आम्ही घेतली. भावजींचं मात्र निघालं. तोच विषाणू.

त्या दिवशी मिरजेच्या दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली सिमेंटच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते. मी चहा घेऊन आले तर दोघांपैकी कुणीच पेला घ्यायला हात पुढं केला नाही.

भावजी म्हणाले, "दादा, तू मदुराईला. मी पठानकोटला, जोधपूरला. आपला न्हावी एक न्हाई, डाक्टर एक न्हाई."

"व्हय."

"मग आपल्यात एक काय?"

ह्यांनी बाकावर पडलेलं लिंबाचं पान उचललं. मग म्हणाले, "आई."

माझ्या सासूबाईंना मी बघितलेलं नाही. दोघे भाऊ शाळेत असतानाच त्या गेल्या. पोटात पाणी झालं होतं, एवढंच मला माहीत होतं. लोकांनी तेव्हा वेगवेगळं सांगितलं होतं. कुणी म्हणालं भाऊबंदांनी काहीतरी खायला घातलं, कुणी म्हणालं उपास लय करायची. ह्यांच्या मोठ्या आत्या तर म्हणायच्या की तिला नवऱ्याशी भांडल्यावर जेवायचीच सवय नव्हती, त्यानं झालं. म्हणजे बाईचं पोट फुगलं तेही तिच्याच चुकीनं, असं घरात ठरलं होतं आणि इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं.

भावजी म्हणाले, "आई काय रम पीत हुती व्हय?" आणि हसायला गेले. हसू निघालं नाही. चेहरा पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला तो गाडी पुसायचा होता. कपाळावर ऑइलचा डाग उठला. ह्यांनी तो बोटानं पुसला आणि म्हणाले, "चा गार व्हतोय."

मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "असू शकेल. आता खात्रीनं सांगता येणार नाही." तरी घरी गेल्यावर ह्यांनी देव्हाऱ्याशेजारचा आईचा फोटो खाली घेतला, काच पुसली आणि परत लावला. त्या दिवशी सणवार काही नव्हता.

भावजींचं लिव्हर अजून आक्रसलेलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आणि दारू आजपासून बंद. त्यांनी बंद केली असं ते सांगतात. मला ते खरं वाटतं, कारण तेव्हापासून ते संध्याकाळी कुणाशीही भांडण काढतात.

गाठ जाळायच्या दिवशी आम्ही सकाळी मिरजेला पोचलो. बाईंनी सांगितलं की साध्या सोनोग्राफीत ह्या खडबडीत लिव्हरमध्ये गाठ नीट ओळखू येत नाही. म्हणून आधी थोडे बुडबुडे सोडायचे, गाठ चमकली की तिच्यावर नेम धरून सुई घालायची आणि जाळल्यावर परत बुडबुडे सोडून बघायचं. ह्यांनी विचारलं, "मला दिसंल का?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला झोपेचं औषध देणार आहोत." ह्यांना ते पटलं नाही. आपल्या पोटातली भट्टी दुसऱ्यानं पेटवायची आणि आपण झोपायचं, हे त्यांना बरोबर वाटत नव्हतं. पण सुई लागल्यावर ते वाक्याच्या मधेच झोपले.

आम्ही बाहेर बसलो. भावजींना बसवेना. ते तंतुवाद्यांच्या गल्लीत जाऊन तंबोरे करतात ते बघून आले आणि म्हणाले, "वैनी, त्या भोपळ्यात आत कायबी नसतंय. नुस्ता पोकळ." मला त्या वेळी पोकळ वस्तूंबद्दल काही ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "भावजी, गाडीत हवा बगून या." ते खरंच गेले आणि चारी चाकं बघून आले.

सांगितलं होतं त्यापेक्षा उशीर झाला. मी दरवाज्याकडं बघत होते. दरवाज्यावर एक बाळाचं चित्र होतं, तोंडावर बोट धरलेलं. त्या बाळाचा मला राग यायला लागला. शेवटी बाई बाहेर आल्या, डोक्यावरची टोपी काढत.

"झालं," त्या म्हणाल्या. "वेळ लागला, कारण जाळल्यावर परत बुडबुडे सोडून बघितलं तर एका कडेला चंद्रकोरीसारखी पट्टी अजून चमकत होती. तिथं परत सुई घालून जाळलं. आता सगळं काळं आहे."

"काळं म्हणजे?"

"तिथं रक्त जात नाही. ती जागा मेली."

त्यांनी मला आत नेऊन पडद्यावर दाखवलं. सगळीकडं चमचम आणि मधोमध काळा गोल, कडा स्वच्छ. तव्यावर भाकरी करपली की मधे डाग पडतो, तसा. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कितीतरी भाकऱ्या करपल्या, पण करपल्याचं समाधान पहिल्यांदाच झालं. मी बाईंना म्हटलं, "चांगलं करपलंय." त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. मग मला रडायला आलं आणि त्यांनी कागदी रुमालाचं खोकं माझ्याकडं सरकवलं.

शुद्धीवर आल्यावर हे म्हणाले, "खांदा दुकतोय." पोट दुखत नव्हतं. उजवा खांदा. डॉक्टरांनी समजावलं की लिव्हरच्या वरच्या पडद्याची नस खांद्याशी जोडलेली असते, म्हणून तिथं दुखतं. ह्यांनी मान हलवली आणि डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "वाकडं निजवलं असणार ह्यांनी." पुढं काही दिवस ताप आला. तोही आतली जळलेली जागा मुरत असल्यामुळं येतो, असं सांगितलं होतं. ह्यांनी तापाचं मानलं, खांद्याचं मानलं नाही. आजही वाकडं निजवलं होतं असंच सांगतात.

त्यानंतर तीन-तीन महिन्यांनी तपासण्या सुरू झाल्या. रक्त, सोनोग्राफी आणि गरज पडली तर बुडबुडे. पायाची सूज औषधांनी कमी झाली. हे पहाटे फिरायला जायला लागले. काकूंच्या दारासमोरून जाताना हे मुद्दाम सरळ रेषेत चालतात, असं मला वाटतं. काकूंचं म्हणणं, "सोडलीय वाटतं. बरं झालं." आम्ही आता त्याला उत्तर देत नाही.

मग एका तपासणीत दुसऱ्या बाजूला नवा ठिपका दिसला. त्या दिवशी बुडबुड्यांचं औषध दवाखान्यात संपलं होतं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. लिव्हरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की एक गाठ जाळली म्हणजे लिव्हर बरं झालं असं नाही, अशा लिव्हरमध्ये दुसरी होऊ शकते. ऐकलेलं आम्ही विसरलो नव्हतो. फक्त तो विषय काढत नव्हतो.

तो आठवडा हे फार शहाण्यासारखे वागले. मुलाला फोन करून दुकानाचं बोलले. माझ्या बोलण्यातली एकही चूक काढली नाही. त्यामुळं मला जास्त भीती वाटली. मग म्हणाले, "औंधला जाऊन येऊ." हे देवभोळे नाहीत. यमाईच्या डोंगरावर गाडीनं गेलो, तरी शेवटच्या पायऱ्यांना त्यांना धाप लागली. दर्शन झाल्यावर ते बाहेर ओट्यावर पाय पसरून बसले. खाली सगळं शिवार दिसत होतं.

"काय मागितलं?" मी विचारलं.

"मागितलं न्हाई. सांगितलं."

"काय?"

"मी गेलो तर तेराव्याला त्या शेजारनीला बोलवायचं न्हाई."

"आवं, त्या न बोलवता येनार."

"व्हय," हे म्हणाले. "तेच लागतंय मनाला."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनी माझा हात धरला. चारचौघांत, देवळाच्या ओट्यावर. मदुराईतसुद्धा कधी धरला नव्हता, जिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. एक बाई नारळ घेऊन जाता जाता बघून गेली. आम्ही तसेच बसलो.

ठरल्या दिवशी मिरजेला गेलो. तेच टेबल, तेच डाव्या कुशीवर झोपणं. ह्या वेळी ह्यांनी पडद्याकडं बघितलं नाही, डोळे मिटून घेतले. मी बघत होते. पांढरं औषध आत गेलं. रेघ उजळली, फाटे फुटले. मी त्या नव्या ठिपक्यावरून नजर हलवली नाही. तो अंधारातच राहिला. बाकीचं लिव्हर भरायला लागलं, तेव्हा त्याच्याबरोबर तोही भरला. पुढं नाही, मागं नाही. मग बाई थांबल्या. त्या इतका वेळ थांबल्या की भावजींनी भिंतीला टेकून दोनदा पाय बदलले. ठिपका विझला नाही. बाकीच्याबरोबरच राहिला आणि बुडबुडे संपत आले तसं सगळंच एकदम फिकं झालं.

बाई म्हणाल्या, "ही गाठ कॅन्सरसारखी वागत नाही. लिव्हर स्वतःची डागडुजी करताना अशा गाठी होतात. पण नजर ठेवायची. पुढच्या वेळी परत बघू."

ह्यांनी एक डोळा उघडला. "म्हंजे पास?"

"आत्तापुरतं."

"मला बी तेवडंच पायजे," हे म्हणाले आणि उठून बसले. शर्टाची बटणं लावायला घेतली, ती एक खालीवर झाली. मी लावून दिली.

द्राक्षांचे दिवस होते. परत येताना तासगावच्या अलीकडं रस्त्याकडेला छपरी टाकून एकजण ताजी द्राक्षं विकत होता. ह्यांनी गाडी थांबवायला लावली. साखरेचं बघता मी अर्धा किलो सांगितलं. ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला दोन बोटं दाखवली. माणसानं दोन किलो भरली. भावजींनी गाडी सुरू केली, पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि विटा येईपर्यंत बरीचशी एकट्यानंच संपवली. हे त्यांच्यावर इतके चिडले की घरी पोचल्यावरही त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होता.